आधी परतीची बस, मग वाट: दक्षिण स्पेनच्या डोंगरांत स्वतःच्या गाडीशिवाय

कसाऱ्याच्या लोकलनं जायचं, स्टँडवर चहा घेऊन मिळेल ती एसटी धरायची, गड एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरायचं आणि रस्त्यावर येऊन शेवटच्या गाडीला हात करायचा. सह्याद्रीत ज्यांनी असे ट्रेक केलेत, त्यांना दक्षिण स्पेनचे डोंगर लवकर आपलेसे वाटतील. जर्मनी, नेदरलँड्सकडं नोकरीनिमित्त राहणारे आपले बरेच लोक मार्च-एप्रिलमध्ये मालागाचं स्वस्त विमान पकडतात, समुद्रकिनाऱ्यावर चार दिवस काढतात आणि परत जातात. किनाऱ्यामागं दोन-तीन तासांवर साडेतीन हजार मीटरचे डोंगर आहेत आणि तिथं सरकत्या दाराची साधी बस जाते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

‘गाडी भाड्यानं घेतल्याशिवाय तिकडं काही होत नाही’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. मला ते पटत नाही. स्वतःची गाडी असली की जिथं लावली तिथंच परत यावं लागतं, म्हणजे प्रत्येक वाट गोल फिरून संपवायची. बसनं गेलं की एका गावात उतरावं, डोंगर ओलांडावा आणि दुसऱ्याच गावातून परतीची गाडी धरावी. अंदालुसिया या दक्षिण स्पेनच्या प्रांतातल्या जुन्या वाटा मुळात अशाच आहेत. एका गावाहून दुसऱ्या गावाला खेचरं घेऊन जाण्यासाठी त्या घडल्या. त्या वाटांना गोल फिरायला लावणं म्हणजे त्यांच्या स्वभावाविरुद्ध जाणं.

पण त्यासाठी नियोजन उलट्या टोकापासून करावं लागतं. आधी परतीची गाडी ठरवायची, मग वाट.

वेळापत्रक वाचणं

थांब्यावर किंवा बस कंपनीच्या संकेतस्थळावर जो तक्ता असतो त्यात तीन शब्द शोधा. ‘लाबोराब्लेस’ म्हणजे कामाचे दिवस, ‘साबादोस’ म्हणजे शनिवार आणि ‘दोमिंगोस इ फेस्तिवोस’ म्हणजे रविवार व सुट्ट्या. ‘इदा’ म्हणजे जाणारी, ‘वुएल्ता’ म्हणजे परतणारी. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं सुट्ट्यांचं. २८ फेब्रुवारी हा अंदालुसियाचा स्वतःचा दिवस, ईस्टरच्या आधीचे गुरुवार आणि शुक्रवार, १ मे, १५ ऑगस्ट, १२ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, ६ आणि ८ डिसेंबर, ६ जानेवारी. या दिवशी वार कुठलाही असो, गाड्या रविवारच्या तक्त्यानं धावतात, आणि काही डोंगरी मार्गांवर रविवारी एखादीच फेरी असते किंवा नसतेच. याशिवाय प्रत्येक गावाची आपली जत्रा असते, तिची सुट्टी वेगळी. पहिल्या वेळी मी २८ फेब्रुवारीला, मंगळवार आहे म्हणून, कामाच्या दिवसांचा रकाना बघून एका गावातल्या थांब्यावर दोन तास उभा होतो. शेवटी समोरच्या बेकरीतल्या बाई दार बंद करताना म्हणाल्या, ‘आज गाडी नाही हो, आज सण आहे.’ तेव्हापासून मी नियोजनाच्या वहीत तारखेशेजारी वार लिहितो आणि वाराशेजारी सुट्टी आहे का ते.

पाठ करून ठेवण्यासारखं एक वाक्य: ‘आ के ओरा साले एल उल्तिमो औतोबुस?’ शेवटची बस किती वाजता सुटते? हे बस चालकाला, आणि मग गावातल्या बारमध्येही विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तर निर्धास्त चाला. बारमधली माणसं त्या गाडीनं दवाखान्यात आणि बाजाराला जात असतात, त्यांची माहिती तक्त्याहून ताजी असते.

दुसरा नियम मी सहसा मोडत नाही. शक्य असेल तेव्हा गाडी सकाळी आणि चाल नंतर. म्हणजे जिथं मुक्काम आहे तिथून बसनं लांब जायचं आणि चालत मुक्कामाकडं यायचं. मग शेवटची गाडी सुटली काय, न सुटली काय, रात्रीचा बिछाना वाटेच्या टोकाशीच असतो. हे जमत नसेल तर चाल अशा गावात संपवा जिथून जास्त गाड्या सुटतात. मोठ्या गावाकडून छोट्याकडं चालत जाऊ नका, छोट्याकडून मोठ्याकडं या.

हात साफ करायला: मोनाचिल

ग्रानादा शहरात मुक्काम करा. शहर साधारण ७०० मीटर उंचीवर आहे आणि मागं सिएरा नेवादाची डोंगररांग उभी. शहराभोवतीच्या गावांना जाणाऱ्या महानगर बससेवेची १८१ क्रमांकाची गाडी मोनाचिलला जाते. ती वारंवार असते, त्यामुळं पहिल्याच दिवशी शेवटच्या गाडीची धास्ती नको.

गावातून नदीकाठानं वर चालत गेलं की लॉस काओरोस ही अरुंद घळ लागते. तिथं सुमारे ६० मीटर लांबीचा झुलता पूल आहे, आणि त्याच्या पुढं कातळ वाटेवर इतका झुकलेला की पाठीवरची सॅक काढून पोटाशी धरावी लागते आणि बसून सरकावं लागतं. कातळात लोखंडी कड्या ठोकलेल्या आहेत, त्या धरायच्या. खाली पाण्याचा आवाज, वर दोन हातांएवढं आकाश. पूर्ण फेरी तीन-चार तासांची. शनिवार-रविवारी पुलावर रांग लागते म्हणून मधल्या वारी जा.

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी गुएहार सिएरा हे गाव. तिथल्या वेरेदा दे ला एस्त्रेया या वाटेवरून मुलासेन या इथल्या सर्वोच्च शिखराची उत्तरेकडची भिंत समोर दिसते. ही जुन्या खाणींची वाट. गावातून वाटेच्या तोंडापर्यंत जायला १९२५ ते १९७४ या काळात धावलेल्या डोंगरी ट्रामचा मार्ग आहे, आता त्यावर रस्ता आहे. ते अंतर चालण्यात बराच वेळ जातो, म्हणून ही वाट मोठ्या दिवसांत करा.

अल्पुहारा: इथं निदान तीन रात्री

सिएरा नेवादाच्या दक्षिण उताराला अल्पुहारा म्हणतात. मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन.

ग्रानादाच्या बस स्थानकातून आल्सा कंपनीची गाडी लांहारोन, ओर्हिवा करत वर चढते आणि पांपानेइरा, बुबियोन, कापिलेइरा या तीन गावांना स्पर्शून पुढं पितरेस, पोर्तुगोस, बुस्किस्तारमार्गे त्रेवेलेसला जाते. दिवसाला मोजक्याच फेऱ्या. कापिलेइरापर्यंत सव्वादोन-अडीच तास लागतात. ओर्हिवानंतर वळणं सुरू होतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या बाकावर बसावं आणि वळणं येण्याआधी काही खाऊ नये.

पहिली गाडी फार पहाटेची नसते, त्यामुळं वर पोचेपर्यंत दुपार होते. एका दिवसात जाऊन यायचंच असेल तर एकच हिशेब बसतो. तिन्ही गावांत सर्वांत वरच्या कापिलेइराला उतरा. ते १,४३६ मीटरवर आहे, म्हणजे तोरण्याच्या माथ्याहूनही थोडं वर. तिथून जुन्या पायवाटेनं बुबियोनमार्गे पांपानेइराला उतरा. सुमारे साडेतीन किलोमीटर, पावणेचारशे मीटर उतार, रमतगमत दीड-दोन तास. परतीची गाडी पांपानेइराहून धरा. उतारावर फरशीच्या दगडांचा घसारा आहे, पावसानंतर पाय जपून.

पण राहिलात तर खरी गोष्ट दिसते. ही घरं बघा. सपाट छपरं, त्यावर राखाडी रंगाची चिकणमाती. तिथं त्या मातीला लाउना म्हणतात. खाली चेस्टनटच्या तुळया, त्यावर दगडी फरशा, त्यावर ही माती दाबून बसवलेली. आपल्याकडं देशावरच्या माळवदाच्या घरावर पांढरी माती टाकतात, तीच रीत. मी एका गल्लीत थांबून छपराच्या कडेला बोट लावलं तर माती पिठासारखी मऊ लागली. भिजली की मात्र ती घट्ट होते आणि पाणी आत उतरू देत नाही. गल्लीवर पूल टाकून समोरासमोरची घरं जोडलेली असतात, त्या सावलीच्या बोळाला तिनाओ म्हणतात. दुपारी तिथं म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. या उतारांवर मूरांच्या, म्हणजे मध्ययुगातल्या मुसलमान राजवटीच्या, काळापासून चालत आलेले पाट आहेत. त्यांचं स्पॅनिश नाव असेकिया, तो शब्दही अरबीतून आला. पाटाचं पाणी पाळीनं सोडणाऱ्या माणसाला असेकिएरो म्हणतात, म्हणजे आपला पाटकरीच. वितळलेल्या बर्फाचं पाणी हे लोक फक्त शेतात नेत नाहीत. उंचावरचे काही पाट मुद्दाम सच्छिद्र जमिनीवर सोडलेले असतात. पाणी जिरतं, डोंगराच्या पोटातून सावकाश उतरतं आणि उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांना फुटतं. या पद्धतीला कारेओ म्हणतात. १५६८ ते १५७१ या काळात इथल्या मोरिस्कोंनी, म्हणजे ख्रिस्ती करून घेतलेल्या मूरांच्या वंशजांनी, बंड केलं, ते मोडल्यावर त्यांना हुसकावून लावलं गेलं, उत्तरेकडून नवी माणसं आणून वसवली. माणसं बदलली तरी पाट तेच राहिले. वाट बऱ्याच ठिकाणी पाटाच्या काठानंच जाते, तेव्हा पाटाच्या बांधावर पाय देऊ नका आणि पाण्याच्या फळ्या हलवू नका. खाली कुणाचं तरी शेत त्या पाळीवर आहे.

मी सुचवतो तो कार्यक्रम असा. मुक्काम कापिलेइरात. पहिल्या दुपारी पोकेइरा नदीच्या पुलापर्यंत उतरून परत, पाय मोकळे करण्यापुरतं. परतीची चढण दमवते, पाणी सोबत ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दरीच्या कडेनं उत्तरेला ला सेबादियापर्यंत. जलविद्युत केंद्राच्या कामगारांसाठी बांधलेली ही वस्ती आता ओस आहे. जाऊन-येऊन चार तास धरा. समोर दरीच्या डोक्याला वेलेता शिखराचा भाग दिसत राहतो.

तिसऱ्या दिवशी बसचा खरा उपयोग करून घ्या. त्रेवेलेसकडं जाणारी गाडी कापिलेइराला दुपारच्या सुमारास येते. ती धरून पोर्तुगोसला उतरा. गावाबाहेर रस्त्याला लागूनच फुएन्ते आग्रिया, म्हणजे आंबट झरा आहे. पाच तोट्या, आणि त्यांच्याखालचा दगड गंजानं विटकरी लाल झालेला. पाण्यात लोह इतकं की जिभेवर जुन्या खिळ्याची चव राहते. एक घोट घ्या, बाटली भरायला गावातलं पाणी बरं. मग लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जीआर ७ ही लांब पल्ल्याची वाट धरून पश्चिमेला पितरेस, तिथून कापिलेरिया ही वस्ती, मग झाडीतून धार ओलांडून बुबियोन आणि शेवटी अर्ध्या तासाची चढण कापिलेइराला. थांबे धरून सहा तास. एप्रिल-मेमध्ये सूर्य रात्री नऊच्या आसपास मावळतो, त्यामुळं दुपारी निघूनही उजेड पुरतो. हिवाळ्यात हा हिशेब चालणार नाही. पाय दुखले, हवा बिघडली, तर वाटेत पितरेसचा थांबा आहे. गाडीची वेळ आधीच टिपून ठेवा.

मुलासेन

३,४७९ मीटरचा मुलासेन हा इबेरियन द्वीपकल्पातला सर्वोच्च माथा. कळसूबाई १,६४६ मीटर, तेव्हा अंदाज येईल. उन्हाळ्यात, वरचा रस्ता बर्फातून मोकळा झाला की, राष्ट्रीय उद्यानाच्या व्यवस्थेतून कापिलेइराहून एक छोटी बस साधारण २,७०० मीटरपर्यंत सोडते. जागा आधी राखून ठेवावी लागते. सेवा त्या वर्षी कधीपासून आहे ते गावातल्या माहिती खिडकीवर विचारा. बसनं वर गेलात तर माथा चांगल्या चालीच्या माणसाला एका दिवसात होतो. त्रेवेलेसहून पायी गेलात तर दोन हजार मीटरची चढण आहे, ती दोन दिवसांत करा, मधला मुक्काम सात तळ्यांच्या पठाराजवळ.

कितीही सह्याद्री पालथा घातलेला असो, मे महिन्यापर्यंत इथं वर कडक बर्फ असतो. बर्फाची कुऱ्हाड आणि बुटांचे काटे वापरायचं शिक्षण नसेल तर बर्फ असताना जाऊ नका. हे मी तळमळीनं सांगतो, कारण खालून तो डोंगर गोल, सौम्य दिसतो आणि फसवतो.

ग्वादियारोची खोरी: स्टेशन ते स्टेशन

आता पश्चिमेला. रोंदा हे शहर कड्यावर वसलेलं. १७९३ मध्ये पुरा झालेला, ९८ मीटर उंचीचा पूल बघायला सगळे येतात. फार थोडे लोक स्टेशनाकडं वळतात. बोबादियाहून अल्हेसिरासला जाणारी ही रेल्वे ब्रिटिश भांडवलानं बांधली, १८९२ मध्ये ती पूर्ण झाली. जिब्राल्टरच्या ब्रिटिश छावणीतल्या लोकांना स्पेनमध्ये शिरायला ती सोयीची. ती ग्वादियारो नदीच्या खोऱ्यातून उतरते, आणि तिच्या छोट्या स्टेशनांमधल्या वाटा म्हणजे सार्वजनिक वाहनानं फिरणाऱ्यासाठी पर्वणी.

सकाळी रोंदाहून हिमेरा दे लीबारचं तिकीट काढा. बेनाओहान हे आधीचं स्टेशन, तिथं उतरू नका. हिमेराला उतरा आणि नदीकाठच्या वाटेनं उलटं, बेनाओहानकडं चाला. सात-आठ किलोमीटर, अडीच-तीन तास. रूळ कधी खाली, कधी समोरच्या काठावर. नदीच्या पात्रात रानटी कण्हेर माजलेली असते, जूनच्या सुमारास ती गुलाबी फुलांनी भरते. आपल्या देवळाच्या अंगणातली कण्हेर इथं दगडधोंड्यांत कुणी न लावता वाढलेली बघून मी बराच वेळ थांबलो होतो. वर कड्यांवर गिधाडं. दुपारी हवा तापली की ती एकेक करून कड्यावरून सुटतात आणि पंख न हलवता चक्कर घेत चढतात. सह्याद्रीत गिधाडं दिसेनाशी झाल्याची खंत ज्यांना आहे, त्यांनी दुर्बीण जरूर न्यावी.

उलटं चालण्याचं कारण साधं आहे. या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत. हिमेराचं स्टेशन म्हणजे एक फलाट आणि चार घरं. बेनाओहानला वस्ती मोठी आहे, खायला मिळतं, आणि गाडी चुकली तरी रोंदा टॅक्सीनं जवळ आहे. वेळ उरला तर उत्तरेला दोनेक किलोमीटरवर कुएवा देल गातो, म्हणजे मांजराची गुहा. तिच्या तोंडातून जमिनीखालची नदी बाहेर पडते आणि डोह करते. पाणी ऑगस्टमध्येही बर्फासारखं. निघण्याआधी रेन्फे या स्पॅनिश रेल्वे कंपनीच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची गाडी बघा. रुळांचं काम चालू असेल तेव्हा रेल्वेऐवजी बस सोडतात, आणि ती स्टेशनाच्या आत नाही, बाहेरच्या रस्त्यावर थांबते.

कामिनितो देल रेय

मालागाहून रेल्वेनं एल चोरो पाऊण तासाच्या आत. तिथल्या गाइतानेस घळीत कड्याला खिळवलेली पाऊलवाट १९०१ ते १९०५ मध्ये जलविद्युतच्या कामासाठी बांधली, १९२१ मध्ये राजा अल्फोन्सो तेरावा तिच्यावरून चालला म्हणून ती राजाची वाट. मोडकळीला आल्यावर अनेक वर्षं बंद होती, २०१५ मध्ये नवी करून उघडली. नदीपासून शंभरेक मीटर उंचीवर फळ्यांची वाट, खाली बघितलं की पोटात गोळा येतो, पण कठडा भक्कम आहे.

ही एकदिशा वाट आहे, उत्तरेकडून दक्षिणेला, आणि दक्षिणेचं टोक एल चोरोचं स्टेशन. म्हणजे गाडीवाल्यांना परत बसनं जावं लागतं, रेल्वेवाला मात्र शेवटी आपल्या फलाटावर येतो. रेल्वेनं या, स्टेशनाजवळून सुटणाऱ्या फेरीबसनं उत्तरेला जा, तिथून बोगद्यातून प्रवेशाच्या नाक्यापर्यंत दीड किलोमीटर चाला. म्हणून रेल्वे पोचण्याची वेळ आणि तिकिटावरची प्रवेशाची वेळ यांत निदान दीड तास ठेवा. तिकिटं आठवडे आधी संपतात. सोमवारी बंद, वारा फार असेल तरी बंद, आठ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. हेल्मेट तिथंच देतात.

ग्रासालेमा आणि रोमन फरसबंदी

रोंदाहून ग्रासालेमाला कामाच्या दिवशी एक-दोन बस. इथं वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, स्पेनच्या मानानं फारच. लक्षात ठेवायचं ते असं की हा पाऊस हिवाळ्याचा आहे. ऑक्टोबर ते एप्रिल. आपला पावसाळा डोक्यात ठेवून जूनमध्ये ओलाव्याची आशा करू नका.

इथली पिन्सापो या फर वृक्षाच्या जंगलातली वाट प्रसिद्ध आहे. त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते, ती एल बोस्के गावातल्या उद्यान केंद्रातून मिळते. वणव्याच्या भीतीनं १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात काही राखीव वाटा बंद असतात. परवानगीची धावपळ नको असेल तर माझ्या आवडीची दुसरी वाट घ्या. बसनं बेनाओकास गावात उतरा आणि तिथून उब्रिकेला जाणारी रोमन वाट उतरा. सव्वातीन किलोमीटर, साडेचारशे मीटरच्या आसपास उतार. मधले तुकडे अजून दगडी फरसबंदीचे आहेत, कडेला पाणी वाहून जायची मोरी कोरलेली. दगड दोन हजार वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेत, ओले असतील तर काठी घ्या. खाली उब्रिके मोठं गाव आहे, चामड्याच्या कामासाठी नावाजलेलं, आणि तिथून बेनाओकासपेक्षा जास्त गाड्या सुटतात. छोट्याकडून मोठ्याकडं, हा नियम इथं बरोबर बसतो.

सेव्हिया शहराच्या बाजूनं येणाऱ्यांसाठी आरासेना हे गावही असंच. प्लासा दे आर्मास स्थानकातून दामास कंपनीची बस आरासेनाला जाते. तिथून मिळेल त्या गाडीनं आलाहारला जा आणि लिनारेस दे ला सिएरामार्गे चालत आरासेनाला परत या. दगडी कुंपणांमधल्या वाटा, चेस्टनट, ओकची राई, खाली चरणारी काळी डुकरं. लिनारेसमध्ये घरांच्या दारासमोर गोट्यांची नक्षी काढलेली असते, रांगोळीसारखी, पण कायमची. नोव्हेंबरात चेस्टनट पिकल्यावर जावं.

हवा, पाणी, जेवण, खुणा

एप्रिल, मे आणि मग सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे चांगले महिने. जुलै-ऑगस्टमध्ये खोऱ्यात चाळिशी गाठते, तेव्हा फक्त उंच सिएरा नेवादा. गावातल्या नळाला ‘नो पोताब्ले’ अशी पाटी असेल तर ते पिऊ नका, नसेल तर गावकरी पितात का ते बघा. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, रविवारी बहुधा दिवसभर. म्हणून पाव, टोमॅटो, चीज आदल्या संध्याकाळीच सॅकमध्ये.

शाकाहारी माणसानं ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढंच सांगून भागत नाही, हॅमला तिथं कुणी मांस धरत नाही. ‘सिन हामोन, सिन आतून’, म्हणजे हॅम नको, ट्यूना मासा नको, असंही सांगा. मालागा-ग्रानादाकडं वांग्याचे तळलेले काप मिएल दे कान्या घालून देतात. ही मिएल म्हणजे उसाची काकवीच. दिवसभर चालून आल्यावर ते ताट पुढं आलं की जीव निवतो.

वाटेवर लाल-पांढरा पट्टा लांब पल्ल्याचा, पिवळा-पांढरा छोट्या पल्ल्याचा, हिरवा-पांढरा गावाभोवतीचा. दोन पट्टे फुलीसारखे दिसले तर ती वाट तुमची नाही. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवा, दऱ्यांत नेटवर्क जातं. आणीबाणीला ११२.

बस चुकली तर

घाबरू नका आणि डांबरी रस्त्यानं अंधारात चालू नका, वळणांवर गाड्या भरधाव येतात. गावातल्या बारमध्ये जा, एक कॉफी घ्या आणि टॅक्सी विचारा. बहुतेक डोंगरी गावांत एखादा तरी टॅक्सीवाला असतो, आणि त्याचा नंबर बारच्या भिंतीवर चिकटवलेला असतो. निघण्याआधी भाडं ठरवा. थांब्यावर आणखी कुणी अडकलं असेल तर त्यांनाही विचारा, भाडं वाटून घेता येतं. टॅक्सी नाहीच मिळाली तर ‘आबितासियोनेस’ अशी पाटी शोधा, तिथं खोल्या भाड्यानं मिळतात. आणि बस येताना दिसली तर नुसते उभे राहू नका, हात पुढं करा. छोट्या थांब्यांवर कुणी हात केला नाही की चालक थांबत नाही. सुटे पैसे आधी हातात ठेवा, पन्नासची नोट बहुधा घेत नाहीत.